वायरचं दुसरं टोक

माझी बायको सुगंधा जाऊन सोळा दिवस झाले आणि माझ्या बोटीच्या इंजिनाचा अलार्म तिच्या आवाजात खोकायला लागला. आधी दोन कोरडे, मग एक लांब. खलाशांनी ऐकलं, चपला हातात घेतल्या आणि उतरून गेले.

हुसैन मिस्त्री आला. त्याने ऑइल बघितलं, पाणी बघितलं. दोन्ही भरलेलं होतं. इंजिन सुरू केलं तरी खोकला चालूच. पॅनेलवरचा लाल दिवा मात्र लागत नव्हता. मिस्त्रीने ऑइलच्या स्विचवरची वायर काढली. आवाज थांबला असता तर स्विच खराब. थांबला नाही.

"वायर मध्येच कुठेतरी लोखंडाला टेकलीय," तो म्हणाला. "शोधायला दिवस जाईल. कापू का? गप्प होईल."

"कापू नको."

"वहिनींचाच आवाज आहे, तांडेल. मलाही कळतंय. पण इंजिन तापतंय."

मी वायर धरून निघालो. ती चार हात असायला हवी होती. फळीखालून ती बोटीबाहेर गेली, धक्क्यावरून मासळीच्या टोपल्यांमधून, मग चढणीने वर. बाजारातल्या बायका तिच्यावरून पाय उचलून जात होत्या. वायर माझ्या घरात शिरली.

सुगंधाच्या खाटेपाशी वायर तोडलेली जागा सापडली. काळी टेप, दातांनी तोडलेली. दात माझेच. दोन हंगामांपूर्वी जाळं ओढताना अलार्म सारखा वाजायचा, म्हणून मीच वायर तोडून टेप गुंडाळली होती. त्याच आठवड्यात तिला म्हणालो होतो, हंगाम संपू दे, मग डॉक्टरकडे जाऊ.

मी टेप सोडवली. तारा पिळून जोडल्या. खोकला थांबला. गोधडीखाली, छातीच्या जागी, लाल दिवा लागला.

मिस्त्रीची हाक धक्क्यावरून आली, पण कानाशी बोलल्यासारखी.

"तांडेल, इंजिन पेट घेईल. किल्ली फिरवा, बंद करा."

किल्ली माझ्याच मुठीत होती, कधी घेतली ते आठवत नव्हतं. खाटेच्या लाकडात किल्लीच्या मापाचं भोक होतं. सगळं घर इंजिनासारखं थरथरत होतं, भिंती हाताला गरम लागत होत्या.

दिवा हळूहळू वर-खाली होत होता. मी किल्ली खिशात टाकली, गोधडी गळ्यापर्यंत ओढली आणि पाय उघडे राहिले का ते बघितलं.