शिंदी सोडवणारी गोळी

दुबलगुंडीच्या मारुतीपुढं दर सोमवारी गाव लोटायचं. पारावर भस्म फासलेला अमृतगिरी बाबा, खाली बायकांची झुंबड आणि त्यांच्यामागं शिंदीच्या दारूनं पोखरलेले नवरे. निजामाच्या मुलखात शिंदीची दुकानं गावोगाव होती. शिंदी सोडवणारा मात्र हा पहिलाच.

"एक गोली खाव, शिंदी भूल जाव!" बाबा गरजायचा. "पर रोजची गोळी चुकली, तर देव कोपेल! हाडं फुटतील, आतडी पिळवटतील!"

आणि बाबाचं म्हणणं खरं ठरायचं. बंडेप्पा धनगरानं गोळी धरली अन् शिंदी सुटली. त्याची बायको म्हाळसा गावची सुईण. तिनं बाबाच्या पायावर डोकं ठेवलं. पण तीन महिन्यांत बंडेप्पा मेंढरं सोडून दिवसभर पेंगू लागला. एकदा बाबाला यायला दोन दिवस उशीर झाला, तर त्याचं नाक गळायला लागलं, जांभया थांबेनात, पोटात मुरडा उठला.

"देव कोपला गं!" तो लोळत ओरडला.

म्हाळसाला या जांभया ओळखीच्या होत्या. रानात जाणाऱ्या बाया पोर निजावं म्हणून अफू चाटवायच्या. ती एकदम बंद केली की पोरं अशीच करायची. बाबाची आठवड्याच्या गोळ्यांची नवी पुडी येताच तिनं एक गोळी फोडून जिभेला लावली. वर गूळ, आत कडूजहर!

"उद्या सोमवार. सकाळची गोळी घेऊ नका," रविवारी रात्री ती नवऱ्याला म्हणाली. "चारचौघांत सोसाल?"

बंडेप्पा म्हणाला, "तू जवळ ऱ्हा. सोसतो."

दुसऱ्या दिवशी पारापुढं तो पोट धरून बसला. म्हाळसानं बाबापुढं हात केला. "महाराज, ही माझ्या घरच्या गुळाची गोळी. मंतर मारा. ताकद मंतरातच हाय न्हवं?"

सगळं गाव बघत होतं. बाबा पुटपुटला, त्यानं गोळीवर फुंकर मारली. बंडेप्पानं गोळी गिळली. बराच वेळ गेला. कण्हणं वाढतच गेलं.

मग म्हाळसानं मुगाएवढी काळी गोळी काढली. "ही परवान्याच्या दुकानातली अफू. हिला ना देव, ना मंतर." घटका-दीड घटकेत बंडेप्पाच्या जांभया थांबल्या, पोट सैल पडलं.

"बाई, देव तुझ्यावर कोपेल!" बाबा किंचाळला.

"माझ्यावर आजवर कामून कोपला न्हाई? मी तर एकबी गोळी खाल्ली न्हाई! तुमी शिंदी सोडवली न्हाई, अफू लावली!"

लोक काठ्या घेऊन उठले. म्हाळसा मधे आडवी आली. "त्याला मारून आपली माणसं बरी व्हायलीत व्हय? हुमनाबादला डाक्तराकडं चला." तेवढ्यात बाबानं झोळी उचलून पळ काढला.

डॉक्टरांनी अफू थोडी थोडी कमी करत नेली. मधे एकदा बंडेप्पा शिंदीच्या दुकानात गेलाही. म्हाळसानं त्याला पापी म्हटलं नाही, पुन्हा दवाखान्यात नेलं. वर्षभरानं तो मेंढरांमागं चालू लागला.

व्यसन हा शाप नव्हे, नुसता मनाचा कच्चेपणाही नव्हे; तो शरीराला जडलेला आजार आहे. तो एका गोळीत जात नाही, उपचारानं आणि वेळ देऊन हटतो. तेव्हा कुणी चमत्काराची पुडी हातावर ठेवली, तर हात जोडण्याआधी विचारा: हिच्यात काय आहे? उत्तराऐवजी देवाचा धाक मिळाला, तर पुडी तिथंच टाका आणि दवाखान्याची वाट धरा.