घर दाखवणारे वक्ते

"डोकं सांभाळा," वक्ते म्हणाले. पण ते म्हणेपर्यंत कामावर आलेल्या नव्या माणसाचं कपाळ बैठकीतल्या लोंबत्या दिव्यावर आपटून झालं होतं. दिवा झोके घेऊ लागला, भिंतीवरच्या सावल्या हलल्या, आणि घर बघायला आलेल्या नवराबायकोला प्रथमच कळलं, की छत आपण समजत होतो तेवढं वर नाही.

"लागलं का हो फार?" बाईंनी कळवळून विचारलं.

"छे छे. दिव्याला विचारा, मला काही नाही झालं," नवा म्हणाला, आणि तिघंही हसले.

वक्ते हसले नाहीत. इतक्या वर्षांत या घरात त्यांची कोणी कळवळून चौकशी केली नव्हती, आणि हा गडी पहिल्याच दिवशी कपाळ आपटून भाव खाऊन गेला!

वक्ते हे त्यांचं आडनाव नव्हे. ऑफिसनं त्यांना दिलेली ती पदवी होती, आणि बाकी काही दिलेलं नसल्यामुळे त्यांनी ती जपून ठेवली होती. अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावरचा सॅम्पल फ्लॅट गिऱ्हाइकांना दाखवणं हे त्यांचं काम. खोल्या चिमुकल्या. पण भिंती आणि छत एकाच पांढुरक्या रंगात, पडदे थेट छतापासून फरशीपर्यंत, खिडकीसमोर भलामोठा आरसा, सोफ्याचे पाय काडीसारखे बारीक, म्हणजे खालची फरशी दिसत राहावी. आतल्या चौकटींना तर दारंच नव्हती. दार म्हटलं की ते उघडायला जागा लागते. या सगळ्याच्या मधोमध उभं राहून वक्ते बोलायचे. गिऱ्हाईक आत येताना साशंक असायचं आणि जाताना "वाटलं होतं त्यापेक्षा ऐसपैस आहे हो," म्हणायचं. वक्ते ते सगळं आपल्या जिभेच्या खाती जमा करून टाकायचे.

नव्या माणसाला त्यांनी दुपारपर्यंत 'लंबू' करून टाकलं. पोटदुखीवर तेवढाच उतारा. लंबू देखणा होता, आवाज भरदार होता, इस्त्रीचा शर्ट संध्याकाळपर्यंत इस्त्रीचाच राहायचा. आठवड्याभरात ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी घराची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"काही दिवस त्यालाही बघू दे. तुम्हालाही जरा विश्रांती."

"मॅडम, तो वाकून चालतो हो घरात."

"वाकून चालणारा माणूस नम्र दिसतो, वक्ते."

घरी आल्यावर वक्त्यांनी ताट पुढे सरकवलं. "भूक नाही."

"का? त्यानं काय तुमच्यातली कापून घेतलीय का उंची?" बायको म्हणाली. ती त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती आणि लग्नाच्या फोटोत खुर्चीवर बसलेली होती.

"उंचीचा काय संबंध? कामाचं बोलतोय मी. बोलता येतं का त्याला?"

"तुमच्यासारखं नसेल येत. जेवा आता."

पुढचे दिवस वक्ते फाटकाजवळच्या बाकावर बसून होते. लंबू गिऱ्हाइकांना आत नेई, आणि थोड्याच वेळात ती तोंडं पाडून बाहेर येत. "छान आहे, पण कोंदट वाटतं." "आमचं कपाट कुठं मावणार?" एकेक वाक्य ऐकून वक्त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढत होतं.

"घरच लहान आहे हो," लंबू घाम पुसत म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," वक्त्यांनी वॉचमनला ऐकू जाईल एवढ्यानं सुनावलं.

शेवटी मॅडमनी किल्ली परत आणून दिली. "तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही. त्याला मी फोनवर बसवते."

"शेवटी सगळं जिभेवर असतं, मॅडम."

मॅडम नुसत्या हसल्या. त्या दिवशी वक्त्यांनी सगळ्यांना चहा पाजला. लंबूला बिस्किटंही दिली. जिंकलेल्या माणसाला औदार्य परवडतं.

लंबूनं जाता जाता एक खुर्ची मोडून ठेवली होती. ती दुरुस्त करायला सुतारमामा आले.

"जरा मजबूत करा मामा. त्याच्यासारखे आणखी येतील."

"मजबूत केली तर जाड होईल. जाड झाली की खोलीत खुर्चीच दिसेल, खोली दिसायची नाही." मामांनी पायाला डिंक लावला. "आधीच सगळं सामान केवढं कापून केलंय मी. त्या कपाटात शर्ट सरळ टांगून दाखवा! दार लागायचं नाही."

"कापून म्हणजे?"

मामांनी वर पाहिलं. थट्टा आहे का, याचा अंदाज घेतला. "म्हणजे नेहमीपेक्षा लहान. सामान लहान, की खोली मोठी. तुम्हाला ठाऊक नाही? मी मॅडमना म्हटलं होतं, सामान करीन लहान, पण मधे माणूस उभा राहिला की पितळ उघडं पडेल. त्यावर त्यांनी तुम्हाला उभं केलं. बाईची अक्कल म्हणजे काय!"

मामांच्या बोलण्यात कौतुकाशिवाय काही नव्हतं. म्हणूनच त्यांच्यावर रागावता येईना.

मामा गेल्यावर वक्ते त्या खुर्चीवर बसले. बँकेत, दवाखान्यात, सासुरवाडीला, जगातल्या यच्चयावत खुर्च्यांवर त्यांचे पाय लोंबकळत आले होते. इथे टेकत होते. पहिल्या दिवसापासून टेकत होते. आणि त्यांनी बायकोला सांगितलं होतं, 'याला म्हणतात सुतारकाम.'

काचेपलीकडे लंबू फोनवर बोलत होता. वक्त्यांच्या पोटात पुन्हा दुखू लागलं. आता दुखणं निराळं होतं. फोनवर माणूस उंचही नसतो आणि बुटकाही नसतो. तिथे जीभच काय ती असते. ती जागा खरी वक्त्याची, आणि तिथे बसला होता लंबू. कहर म्हणजे येणारे लोक म्हणू लागले, "फोनवरचे ते भाऊ काय गोड बोलतात हो! त्यांच्यासाठी आलो."

वक्ते मॅडमकडे गेले. "मी बसू का फोनवर?"

"मग आत कोण उभं राहणार?" मॅडमनी विचारलं. मग जरा मायेनं म्हणाल्या, "कंटाळला असाल तर संकोच करू नका. माझ्या नणंदेची मुलगी काम शोधतेय. तुमच्याहूनही चणीनं लहान आहे. बोलत नाही फारशी, पण चालेल."

चालेल! वक्त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी एक अबोल मुलगी त्यांच्या खुर्चीवर बसली. तिचेही पाय फरशीला टेकले.

"कंटाळा कसला? सहज विचारलं," ते म्हणाले.

पण गिऱ्हाईक आपल्या जिभेवर भुलतं की चणीवर, ही शंका मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी एक जोडपं आलं. गृहस्थ आडवेतिडवे, बाई बारीक डोळ्यांच्या, पारखून बघणाऱ्या. वक्त्यांनी दार उघडलं आणि स्वतः उंबऱ्यावरच थांबले.

"तुम्ही बघा निवांत. मी इथून सांगतो."

आणि ते बोलले. आयुष्यात बोलले नव्हते असे बोलले. सकाळचं ऊन कुठून येतं, दोघांची भांडणं झाली तर कोणी कुठल्या खिडकीत जाऊन बसायचं, पाहुणे आले तर कुठे झोपवायचे आणि लवकर जावेत म्हणून कुठे झोपवायचे. बाई दोनदा हसल्या. पलीकडे लंबूसुद्धा फोनवर हात ठेवून ऐकत होता.

आतून सोफा करकरला. गृहस्थ बसले होते आणि त्यांचे गुडघे छातीला लागले होते.

"बोलता मात्र फार छान हं तुम्ही," ते उठत म्हणाले. "पण जागा नाही हो."

"झोपायच्या खोलीत तर आपण दोघं एकावेळी उभेसुद्धा राहायचो नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्स खांद्याला लावली.

ऑफिसच्या काचेआड मॅडम उभ्या होत्या.

वक्त्यांनी चपला काढल्या. उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या. जोडप्याच्या मधून वाट काढत ते झोपायच्या खोलीत गेले, पलंगावर चढले आणि उताणे पडले. हात दोन्ही बाजूंना पसरले. हात काठापर्यंत पोचले नाहीत. डोक्याच्या वर उशी मोकळी राहिली, पायांच्या खाली चादर मोकळी राहिली.

दारात आलेल्या बाई थबकल्या. "अगंबाई! केवढी जागा आहे ही!"

"अहो, जरा तस्सेच राहा हं," गृहस्थ म्हणाले आणि पलंगाच्या पायथ्यापासून वितीनं मापत वर येऊ लागले.

वक्त्यांनी पाय किंचित आखडून घेतले.