डाव्या अंगाला भिंत

रामप्रसादला बिल्ल्याची हौस नव्हती. गळ्यात बिल्ला घालून उस्मानपुऱ्याच्या गल्लीतून मिरवायची हौस होती त्याच्या धाकट्या भावाला, हनुमानला, आणि तो आता राहिला नव्हता. रामप्रसादनं शर्यतीत नाव घातलं ते आईसाठी. पाण्यात उतरलेला मुलगा पाण्यातून बाहेर येतो, हे वच्छलाबाईनं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. तेवढं बघितलं की तिच्या काळजातली गाठ सुटेल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. वेडी आशा म्हणा हवं तर.

हनुमान गेल्यापासून वच्छलाबाईचा जीव सदा टांगणीला. घरात कुणी अंघोळीला गेलं की ही न्हाणीच्या दाराशी येऊन बसायची. आतला पाण्याचा आवाज थांबला रे थांबला की दारावर थाप. "रामा, झालं का रं? भायेर ये." निवांत साबण लावायची चोरी झाली होती. रामप्रसादची बायको शीला आधी चिडायची. मग तिनं अंघोळ करताना मोठमोठ्यानं बोलत राहायची सवयच लावून घेतली. "हाय मी, आत्या! डोकं धुतेय!"

हे भाऊ खुलताबादच्या वाटेवरच्या एका धनगरवाडीतले. बाप मेंढरं राखायचा. शहर वाढत वाढत त्यांच्या माळापर्यंत आलं, चराईच्या जागी प्लॉटचे पांढरे दगड उभे राहिले, मेंढरं विकली गेली, बिऱ्हाड शहरात उस्मानपुऱ्याला आलं आणि रामप्रसाद वाळूजच्या एका कारखान्यात लागला. वाडीत उरलं काय, तर थोडं रान आणि जुनी विहीर. याच विहिरीत बापानं दोघांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना ढकलून दिलं होतं. विहिरीत पोहायचं म्हणजे गोल गोल. उजवा हात भिंतीला लागेल न लागेल असा ठेवायचा आणि फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या. सरळ गेलं तर डोकं कपारीवर आपटणार, मग सरळ जातंय कोण!

कारखान्यातल्या सायकलवाल्या टोळक्याकडून रामप्रसादला शर्यतीचं कळलं. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल चालवायची, मग पाच किलोमीटर पळायचं, आणि मधे दम खायचा नाही. हे ऐकून हनुमान हसून लोळला.

"मंजे गडी पाण्यात पडतो, सायकल हाणतो आन् पळत सुटतो. आरं, मेंढरू हरवलं की आपुन दुसरं काय करत व्हतो? त्याला बिल्ला देतेत व्हय?"

तरी दोघांनी शर्यतीत उतरायचं ठरवलं. शर्यतीच्याच तलावावर सरावाला गेले आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. समोरच्या काठावरच्या लिंबाकडं निघालेले हे वीर डावीकडं वळत वळत निघाले होते तिथंच परत आले. अंगात विहीर भिनलेली. काठावर जाळी सोडवत बसलेले मासेवाले पोट धरधरून हसले. मग हनुमाननंच तोड काढली. तो म्हशीसारखं डोकं वर काढून पोहायचा, त्यामुळं त्याला पुढचं दिसायचं. तो रामप्रसादच्या डाव्या अंगाला राहू लागला. रामप्रसाद कलला की खांद्याला खांदा लागायचा.

"मी हाय ना हिकडून भित. तू खाली मुंडकं घाल आन् चाल सरळ."

आणि मग पाऊसच पडेना. एक साल गेलं, दुसरंही कोरडं गेलं. तलावात पोरं क्रिकेट खेळू लागली. त्या वर्षी शर्यत झाली ती पाण्याविनाच, नुसतं पळणं आणि सायकल. दोघांनी ती सोडून दिली. "पुढल्या साली पाण्यासकट करू," हनुमान म्हणाला. शहरात नव्या इमारतींसमोर टँकरची रांग लागत होती आणि वाडीत विहिरींचे तळ उघडे पडले होते. वैशाखात हनुमान दोन गड्यांबरोबर गाळ काढायला विहिरीत उतरला. ते दोघं वर आले, हा शेवटची पाटी भरत खाली थांबला, आणि विहिरीची एक बाजू ढासळली.

रामप्रसाद कारखान्यातून पोचला तेव्हा वच्छलाबाई विहिरीच्या कडेला बसलेली होती. माणसं माती उपसत होती. ती रडत नव्हती, फक्त खाली बघत होती. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तळातून उपसणाऱ्यांची हाक आली तेव्हा भावकीतल्या बायांनी तिला बळंच उचलून एका घरात नेलं आणि दाराला कडी घातली. आईनं लेकाला तसं बघू नये, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. हनुमानला वर काढला, कापडात गुंडाळला आणि तसाच मातीला नेला. बायांचं काय चुकलं म्हणावं? मायेपोटीच केलं त्यांनी. पण फार चुकलं. नंतर विहीरही बुजवून टाकली.

त्या साली पाऊस आला. उशिरानं आला आणि मग थांबायचं नाव घेईना, तळी-नाले एक करून टाकले मेल्यानं. हाच आदल्या साली आला असता तर त्याचं काय बिघडलं असतं!

हिवाळ्यात शर्यत ठरली तसा रामप्रसाद आईपुढं जाऊन बसला.

"माय, मी तळ्यात उतरणारंय. तू काठावर बस. तू नाय म्हणलीस तर उतरत नाय."

वच्छलाबाईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. "दोघांचं ठरलं व्हतं ना तुमचं?"

"व्हय."

"मग जा. म्या येते."

शर्यतीच्या सकाळी शीलानं काठावर पोतं अंथरलं आणि सासूला त्यावर बसवलं. भोवती चकचकीत कपड्यांतली शहरी मंडळी हातपाय झटकत होती. भोंगा वाजला आणि सगळे पाण्यात पडले.

वाट दाखवायला पाण्यात सोडलेल्या पहिल्या नारिंगी फुग्यापर्यंत घोळका होता तोवर रामप्रसादचं बरं चाललं. मग घोळका पुढं गेला आणि तो एकटा पडला. डोकं वर काढलं तर फुगा उजवीकडं कुठल्या कुठं गेलेला आणि समोर पाण्यात बुडालेल्या बाभळीचे शेंडे. तो वळला, नीट निघाला, पुन्हा कलला. डाव्या खांद्याला आता काहीतरी लागेल, आता लागेल, अशी त्याचं अंग वाट बघत होतं. तिथं नुसतं गार पाणी होतं. मातीच्या दिवशीही रामप्रसाद रडला नव्हता, सगळं त्याच्यावरच पडलं होतं म्हणून. आता तळ्याच्या मधोमध त्याला रडू फुटलं. नाकातोंडात पाणी जाऊ लागलं, हात चालेनात.

देखरेखीची नाव जवळ आली. "ओ भाऊ, किधर चले? चढा वर. लई झालं."

"नाय." त्यानं नावेची कड धरून खोकून घेतलं. "चढत नाय. तुमी फकस्त माझ्या डाव्या अंगानं चला. वढू नका मला."

नाववाल्यानं एकदा त्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि नाव डावीकडं घेतली. वल्ह्याचं पाणी तोंडावर उडत होतं, पण रामप्रसाद सरळ चालला. तो सगळ्यांत शेवटी काठाला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाई उठून पाण्यापर्यंत आली होती. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पदरानं कान पुसले.

"आलास," ती म्हणाली.

"आलो, माय."

"जा मग. बाकीचं उरक."

तिचा आवाज इतका शांत होता, की रामप्रसादच्या अंगात बळ आलं. सुटली गाठ, त्याला वाटलं. सायकल त्यानं जीव तोडून हाणली. नव्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना अर्ध्या उभ्या इमारती होत्या, त्यांच्यामागं माळ होता, आणि त्याला कितीतरी महिन्यांनी भूक लागल्यासारखं झालं होतं. पळताना पोटरीत गोळा आला तरी तो थांबला नाही. शर्यत पुरी केल्याचा बिल्ला सगळ्यांना देत होते तसा त्यालाही मिळाला. शीला त्याच्या चपला घेऊन एकटीच उभी होती.

"माय कुठाय?"

"तिथंच बसल्यात. उठा म्हणलं तर उठंनात. तू हो पुढं म्हणल्या."

तो तसाच तळ्यावर गेला. नावा काठाला बांधून टाकल्या होत्या. फुग्यांतली हवा सोडून त्यांचा ढीग घातला होता. माणूस म्हणून कुणी उरलं नव्हतं. वच्छलाबाई पोत्यावर बसून पाण्याकडं बघत होती. रामप्रसादनं बिल्ला काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"चल माय, घरी जाऊ. झालं समदं."

तिनं बिल्ल्याकडं बघितलं नाही. "थांब रं जरा," ती म्हणाली. "समदे भायेर येऊंदे."

सगळे आले, माय. शेवटचा मीच होतो. हे त्याच्या ओठावर आलं होतं. हनुमानही आला होता, त्या दुपारी, दोर माझ्याच हातात होता, हेही सांगायचं होतं. तिनं पोत्यावर थोडं सरकून जागा केली. तो घामानं ओल्या कपड्यांनी तिच्याशेजारी बसला.

"व्हय, माय," तो म्हणाला. "थांबू."