न किडलेलं बी

मास्तर काही शाळेत शिकवत नव्हते. डाळी, कांदे, मसाले किरणांसमोरून फिरवून काढणाऱ्या कारखान्यात ते मशीन चालवायचे. पण कुणी कारखाना बघायला आलं, की त्याला ते अशा उत्साहाने सगळं समजावायचे की बरोबरीच्यांनी हे नावच चिकटवलं.

"अल्फा किरण म्हणजे नुसता आरंभशूर, साध्या कागदाने अडतो," ते सुरू करायचे. "बीटाला पत्र्याचा तुकडा पुरे. गॅमा मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही! म्हणून हे किरण सोडणारा आमचा कोबाल्ट पाण्याच्या हौदात बुडवलेला आणि भोवती पुरुषभर जाडीची भिंत. तो वर काढला की पेट्या त्याच्यासमोरून फिरतात. किरण आरपार जातात, मालात मागे काही उरत नाही. डाळीतली कीड मरते आणि कांद्याला महिनोन्‌महिने कोंब फुटत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी हजारदा तरी म्हटलं असेल. तरीही अक्कल गहाण टाकायची ती टाकलीच.

मास्तरांच्या आईचा घेवडा होता, घरामागच्या भिंतीवर चढवलेला. लग्न होऊन आली तेव्हा तिने ते बी रुमालात बांधून आणलं होतं. पांढऱ्या दाण्यावर जांभळे ठिपके. असा घेवडा बाजारात कुठे मिळत नसे, आणि तिच्या माहेरी आता ना घर उरलं होतं ना माणूस. दरवर्षी ती बी निवडून बरणीत भरायची आणि दरवर्षी त्यात भुंगे व्हायचे.

"अर्धं बी पोखरलं मेल्यांनी!" एकदा ती वैतागून म्हणाली.

"त्यात काय एवढं? आण इकडे," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्खी बरणी डाळीच्या एका पेटीत सरकवली आणि संध्याकाळी ऐटीत परत आणली. "घे. आता एक जरी भुंगा दिसला तर नाव बदलेन."

आईने बरणी उजेडात धरून पाहिली. "गुणाचं रे माझं लेकरू," ती म्हणाली. मास्तर दोन दिवस हवेत होते.

हंगाम आला, तिने बी पेरलं. आठवड्यात ते उगवलंही. दोन जाड दळं वर आली, रोपं बोटभर झाली आणि तिथेच थांबली. पंधरा दिवस झाले तरी बोटभरच. मग पिवळी पडून आडवी झाली. तिने पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. त्या दुसऱ्या रोपांना पाणी घालताना मास्तरांना आपलंच वाक्य आठवलं. कांद्याला कोंब फुटत नाही. आणि डाळीला तर कांद्याच्या कितीतरी पट किरण देतात!

सांगायचं म्हणून ते घरात गेले. आई आपल्या तळहातांकडे बघत बसली होती.

"हात गेला रे माझा," ती म्हणाली. "सत्तर वर्षं, काय लावीन ते यायचं. वय झालं, दुसरं काय."

बी बिघडलं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. लेकाने सांभाळून आणलेलं बी ते! तेव्हाच बोलायला हवं होतं. मास्तर म्हणाले, "यंदा हवाच खराब आहे गं."

हवा म्हणे! कोबाल्टशेजारी तीस वर्षं बिनधास्त काढलेला माणूस एका म्हातारीच्या तोंडाकडे बघायला घाबरला.

पुढच्या वर्षीही तिने पेरून पाहिलं. त्यानंतर तिने कशाला हातच लावला नाही. कुंड्या देऊन टाकल्या. कणीक मळणंही सुनेवर सोडलं, माझ्या हातचं नको म्हणाली. एक दिवस शेजारीण गुलाबाची फांदी घेऊन आली, "तुम्हीच लावून द्या." आईने दोन्ही हात पाठीमागे घेतले. मास्तर दारातून बघत होते. शेजारीण गेल्यावर त्यांनी आईसमोर बसून सगळं सांगून टाकलं.

ती चिडली नाही. "म्हणजे माझ्या हाताला काही झालं नव्हतं?"

"नाही गं. माझंच चुकलं."

"दोन वर्षं, अरे..." मग एकदम तिचा चेहरा उजळला. "ताईला फोन लाव! तू बरणी नेलीस त्याच्या आधी तिला मूठभर दिलं होतं मी."

मास्तरांनी परगावी राहणाऱ्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"होतं ना!" ताई म्हणाली. "दोन वर्षं जपून ठेवलं होतं डब्यात. तुम्ही कुणी काही बोलला नाहीत, मला वाटलं तुमच्याकडे बरणीभर असेल. गेल्या महिन्यात घर बदललं, तेव्हा डबे रिकामे केले सगळे. शिजवलं की. का रे?"

"काही नाही, सहज," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

आई उठून आत गेली आणि सुनेच्या हातून परात घेऊन स्वतः कणीक मळू लागली. त्या दिवसापासून तो विषय तिने काढला नाही. मास्तरांना त्याहून शिव्या परवडल्या असत्या.

कारखाना बघायला पाहुणे आले की हल्ली ते दुसऱ्या कुणाला तरी पुढे करतात. घरी फळीवर ती बरणी अजून आहे, तळाशी पंधरा-वीस दाणे उरलेत. आई झोपली की मास्तर ती उजेडात धरून बघतात. एकाही दाण्याला भोक नाही.