सगुणाबाईंच्या तिकिटावरचा शिक्का

माझ्या 'रद्द' या शब्दातल्या 'र'चं टोक साधारण एक मिलिमीटर झिजलं आहे. दाबणाऱ्याच्या हाताचा जोर डाव्या कडेवर जास्त पडत असावा.

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. परभणीच्या एका दुकानात माझी अक्षरं कोरली गेली आणि पूर्णा स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर मी कामाला लागलो. पहिल्याच दिवशी तिथले आदिनाथ बाबू म्हणाले, "ठसा लय साफ उठायलाय." तेवढंच माझं कौतुक. आता बहुतेक लोक फोनवरच तिकीट काढतात आणि फोनवरच मोडतात. माझी शाईची गादी कडेने सुकत चालली आहे.

खिडकीबाहेर माझा शब्द फारसं कोणी वापरत नाही. तिथे सगळं 'कॅन्सल' होतं: सहल, लग्नाचा हॉल, सरांचा तास. मुलं ते हसत सांगतात, मोठी माणसं खाली बघत. मला इतकंच कळलं आहे, की जे कधी ठरलंच नव्हतं ते रद्द होऊ शकत नाही. माझ्या प्रत्येक ठशाखाली कोणाची तरी तयारी असते.

चुडाव्याच्या सगुणाबाई दर वर्षी सिकंदराबादचं, दोघांचं तिकीट काढत. त्यांची लेक बबिता तिथे राहते. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून तिचे वडील भगवानराव तिचं नाव घेत नाहीत. बायको हट्ट धरून बसली की ते तिकिटाला हो म्हणत, आणि निघायच्या आदल्या दिवशी ते मोडायला तिलाच पाठवत. सहा वर्षांत सहा वेळा मी त्या दोन नावांवर उमटलो.

यंदा बबिता दवाखान्यात आहे. डॉक्टरांनी तिच्या आईला बोलावून घ्यायला सांगितलं आहे.

मागच्या मंगळवारी सगुणाबाई खिडकीशी आल्या. पाठीमागे भगवानराव उभे होते.

"यंदाबी का, मावशी?" आता खिडकीवर बसणाऱ्या राजेश्री मॅडम म्हणाल्या. "तुमची गाडी पूर्णा सोडणार तरी कधी?"

"म्हशीला कोण बघंल?" भगवानराव म्हणाले.

"सहा वर्षं म्हैसच आडवी यायलीय, मॅडम," सगुणाबाई म्हणाल्या.

"बोलत नको बसू. गावाकडची बस जाईल," भगवानराव म्हणाले.

मित्रांनो, ठरलेलं मोडण्याआधी पलीकडे कोण वाट बघतंय, ते एकदा विचारा. मला विचारता येत नाही. कागदावर टेकवलं, की मला उमटावंच लागतं.

मॅडमनी मला उचललं. सगुणाबाईंनी खिडकीतून हात आत घातला आणि तिकीट तळव्याखाली दाबून धरलं.

"दोघांचं न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांचंच तेवढं कॅन्सल करा. मी जायलेय."