अर्धी गोळी

"आता पाच मिनिटं बोलायचं नाही, कडूबाई."

"बोलल्याबिगर माझा जीव ऱ्हातो व्हय, बाई?" म्हणत कडूबाईनं हात टेबलावर ठेवला. पाथर्डीच्या त्या छोट्या दवाखान्याबाहेर ऊसतोडीला निघालेल्या टोळीची जीप उभी होती.

वर्षापूर्वी नर्स मरिया पट्टा गुंडाळता गुंडाळताच आकडा लिहून मोकळी व्हायची. सगळ्या गावाचं बीपी एकशेतीस-ऐंशी. मग रक्तदाबाच्या नव्या गोळीचा अभ्यास दवाखान्यात आला. आधी शांत बसवायचं, दोनदा मोजायचं, विचारायचं, जे कळलं तेच लिहायचं, हे तिच्या अंगात मुरलं. आता साध्या तापाचा माणूस आला तरी ती खुर्ची पुढं ओढून बसे.

एकशेनव्वद. दुसऱ्यांदा एकशेब्याण्णव. रिकाम्या पाकिटांचा हिशेब मात्र गोळीन् गोळी बरोबर.

"गोळी रोज घेता?"

"रोज."

"पूर्ण?"

कडूबाईनं पदर बोटाला गुंडाळला. "अर्धी. अर्धी ह्येन्ला देते. त्येंचंबी डोकं लई ठणकतं. कोयता म्हंजी नवरा-बायकूची जोडी, बाई. एक आडवं झालं, तर दुसऱ्याला कोन ठिवतंय फडात? म्हून भाकर मोडावी तशी गोळी मोडते."

मरियाचं पेन थबकलं. 'पूर्ण' लिहिलं, तर पुढच्या गोळ्या हिच्या पदरात पडतील. पण गोळीच कुचकामी, असं कागद सांगेल, आणि तो कागद कुठल्या कुठल्या गावांना लागू होईल. तिनं 'अर्धी' लिहिलं. नगरला गेलेल्या डॉक्टरांना फोन लावला.

"अभ्यासातून तिचं नाव कमी, त्या गोळ्या बंद. दोघांना थांबवा. चारला येतो, दोघांना वेगळं औषध देतो."

बाहेर हॉर्न वाजला.

"चारपर्यंत थांबा, मावशी. पाया पडते तुमच्या."

"जीप कुनासाठी थांबती? खरं सांगितलं, त्येचं ह्ये बक्षीस व्हय, बाई?"

कडूबाई जीपकडं निघाली. मशीन घेऊन मरिया तिच्यामागं धावली. कडूबाईचा नवरा, आसाराम, जीपच्या मागच्या फळीवर बसला होता. मरियानं त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

"दोनशे दहा."

"लई मार्क पडले की!" तो हसला. "आमचा कागुद कुठाय?"

तो अभ्यासात नव्हता, त्याचा कागदही नव्हता. तिनं त्याचा घट्ट्यांचा तळहात उलगडला, त्यावर पेननं आकडा कोरला. "उतरल्या उतरल्या डॉक्टरला दाखवा."

जीप हलली. शाई पुसू नये म्हणून आसारामनं हात वाऱ्याला उघडा धरला. दुरून वाटत होतं, तो कुणाला तरी थांब म्हणतोय.