काळाच पडणारा प्लग

आमच्या ह्यांचा स्वभाव इतका हळुवार, की इंजिनसुद्धा ते कुणाची झोप न मोडता दुरुस्त करू बघतात.

मी जनावरांची डॉक्टर. डोंगरावरच्या गोठ्यांची फेरी मी चार जाड चाकांच्या एटीव्हीवरून करते. मध्यंतरी तिचं टू-स्ट्रोक इंजिन ऐन चढावर सीझ झालं, म्हणजे तापून पिस्टन आतच घट्ट अडकला, आणि मी औषधांची पेटी डोक्यावर घेऊन पायी खाली आले. ह्यांनी नवा पिस्टन घालून इंजिन पुन्हा बांधलं. मी सांगून टाकलं, "आता परत चढावर अडकले, तर फेरीच सोडणार. शहरातल्या दवाखान्यात मांजरांची नखं कापत बसेन." बोलले तोऱ्यात, पण फेरी सुटण्याच्या विचारानंच मला रडू येत होतं.

मग सुरू झालं जेटचं प्रकरण. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा चिमुकला तुकडा. त्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. भोक मोठं असलं तर पेट्रोल जास्त होऊन स्पार्क प्लग काळा पडतो. फार लहान असलं तर प्लग पांढरा, आणि इंजिन तापून पुन्हा सीझ. हवा असतो तो चहाचा रंग.

हे रोज दुपारी चढावर चक्कर मारून येत, अंगणात प्लग काढत आणि म्हणत, "काळाच." मग आणखी बारीक जेट. दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

"अहो, प्लग आहे की तवा?"

"घोडं कुठं पेंड खातंय तेच कळत नाही," हे म्हणाले.

शेवटी मी चालवायला बसले आणि ह्यांना मागे बसवलं. चढावर पूर्ण रेस दिली. इंजिनातून बारीक टणटण येत होती, पण कानाडोळा केला. तेवढ्यात वळणावर एक बकरी आडवी आली. मी घाबरून इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलं आणि ब्रेक मारला. बकरी काही हलेना.

"थांबलोच आहोत तर बघू," म्हणत ह्यांनी पाना काढला.

प्लग खडूसारखा पांढरा होता. ह्यांनी तो माझ्यासमोर धरला.

"अजून थोडं गेलो असतो तर सीझच झालं असतं गं."

"मग घरी काळा कसा दिसतो?"

हे जरा घुटमळले. "पायथ्यापासून घरापर्यंत मी अगदी हळू आणतो. दुपारी आई झोपलेली असते ना."

मंद चालीत प्लगवर काजळी धरते. चढावरचा खरा रंग तिच्याखाली रोज झाकला जात होता, आणि आईच्या झोपेपायी हे माझं इंजिन जाळायला निघाले होते. मला राग आला, आणि रागाहून जास्त माया आली.

ह्यांनी मोठा जेट बसवला. पुन्हा चढावर गेलो, तिथंच इंजिन बंद करून प्लग काढला. चहाचा रंग. मी बकरीला मनातल्या मनात हात जोडले.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी लेकाकडे बघितलं.

"मी कुठली झोपतेय? गाडी दारात आल्याचा आवाज आल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. तू असा चोरासारखा येतोस, मग मी आपली संध्याकाळपर्यंत कान देऊन पडलेली."

आता फेरीवरून येताना मी अंगणापर्यंत दणक्यात रेस देत येते. पेटी उतरवेपर्यंत आतून सासूबाईंचं घोरणं सुरू झालेलं असतं.